'१० क्लोव्हरफील्ड लेन': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगबुडीनंतर तळघरात अडकलेल्या माणसांचे सिनेमे पुष्कळ आहेत. त्यातला २०१६ सालचा '१० क्लोव्हरफील्ड लेन' मला सगळ्यात जवळचा वाटतो. तो पाहून झाल्यावर लोक जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे घेतले आहेत. पहिल्या भागात कथेतलं रहस्य फोडलेलं नाही. दुसरा भाग मात्र ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांच्यासाठीच आहे. न पाहता तिथे जाऊ नका, अगदी मनापासून सांगते.

भाग पहिला: अजून पाहिला नसेल तर

सिनेमा नेमका कशाबद्दल आहे?

मिशेल नावाची तरुणी होणाऱ्या नवऱ्याशी भांडून, घराच्या किल्ल्या आणि अंगठी मागे ठेवून न्यू ऑर्लिन्समधून गाडीने निघते. रात्री रस्त्यावर अपघात होतो. शुद्धीवर येते तेव्हा ती एका सिमेंटच्या खोलीत गादीवर पडलेली असते, हाताला सलाईन आणि जखमी पायाला साखळी. थोड्या वेळाने हॉवर्ड नावाचा धिप्पाड माणूस जेवणाचं ताट घेऊन येतो आणि सांगतो: बाहेर हल्ला झालाय, हवा विषारी आहे, सगळे मेलेत, मी तुला वाचवलंय, आणि आता वर्ष-दोन वर्षं इथून बाहेर पडायचं नाही. तळघरात एमेट नावाचा गावातलाच एक तरुणही आहे. तिघंजण, एक तळघर, एक जाड दार. हॉवर्डवर विश्वास ठेवायचा की दार उघडायचं, इकडे आड तिकडे विहीर, एवढ्यावर सिनेमा उभा आहे.

आधीचा 'क्लोव्हरफील्ड' पाहिलेला असायला हवा का?

नाही. २००८ सालचा मॅट रीव्ह्जचा 'क्लोव्हरफील्ड' न्यूयॉर्कमध्ये घडतो आणि हातातल्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखा दिसतो. या सिनेमात त्यातलं एकही पात्र नाही, कथेचा धागाही पुढे चालवलेला नाही. निर्माते जे. जे. एब्रम्स या दोघांना रक्ताचे नातेवाईक म्हणत आले आहेत, पण ते नातं लांबचं आहे असं समजून बसलात तरी काही बिघडत नाही. २०१८ साली तिसरा सिनेमा थेट नेटफ्लिक्सवर आला. तो न पाहिल्याने तुमचं फारसं नुकसान होणार नाही.

भयपट आहे का? घरातल्या मुलांना दाखवावा का?

भुताखेतांचा नाही. भीती आहे ती माणसाच्या लहरीची: आत्ता शांत असलेला माणूस पुढच्या वाक्याला काय करेल याची. अमेरिकेत त्याला तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र मिळालंय. रक्त थोडं आहे, नग्नता नाही. पण एका मुलीला कोंडून ठेवणं आणि घरातल्या मोठ्या माणसाचा धाक, या दोन गोष्टी संपूर्ण सिनेमाभर आहेत. नववी-दहावीतल्या मुलांबरोबर बसून पाहायला आणि नंतर बोलायला चांगला आहे. त्याहून लहानांना नको. ज्यांनी घरात मारहाण सोसलीय त्यांनी हे माहीत असूनच पाहायला बसावं, कारण तो विषय कथेच्या पोटातच आहे.

कसा पाहावा?

सलग. पावणेदोन तासांच्या आत संपतो. ट्रेलर पाहू नका, पोस्टर निरखून पाहू नका. टीव्हीवर पाहणार असाल तर आवाज नीट मोठा ठेवा, कारण तळघराच्या छतावरून काय गेलं हे फक्त आवाजावरून ओळखायचं आहे, पात्रांनाही आणि तुम्हालाही.

दिग्दर्शक कोण? पटकथा कुठून आली?

डॅन ट्रॅक्टनबर्ग यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. पुढे २०२२ साली त्यांनी 'प्रे' केला. मूळ पटकथा जोश कॅम्पबेल आणि मॅथ्यू स्ट्युकेन यांची, नाव 'द सेलर', म्हणजे तळघर. तिचा 'क्लोव्हरफील्ड'शी काही संबंध नव्हता. कमी खर्चाच्या सिनेमांसाठी पॅरामाउंटने काढलेल्या शाखेकडे ती आली आणि एब्रम्स यांच्या बॅड रोबोट कंपनीत तिचं पुनर्लेखन डेमियन शझेल यांनी केलं. दिग्दर्शनही तेच करणार होते, पण तेवढ्यात त्यांच्या 'व्हिपलॅश'साठी पैसे उभे राहिले आणि ते तिकडे गेले. एका शिक्षकाच्या धाकाखाली पिचणाऱ्या मुलाची गोष्ट तिकडे आणि एका रक्षकाच्या धाकाखालच्या मुलीची इकडे. एकाच लेखणीतून दोन्ही गेल्या आहेत हे कळल्यावर मला त्यात जराही नवल वाटलं नाही.

चित्रीकरण २०१४ च्या शेवटी न्यू ऑर्लिन्समध्ये झालं, तेही खोट्या नावाखाली. जानेवारी २०१६ मध्ये अचानक ट्रेलर आला तेव्हा असा सिनेमा तयार आहे याचाच बहुतेकांना पत्ता नव्हता, आणि ११ मार्चला तो अमेरिकेत लागलाही. खर्च दीड कोटी डॉलरच्या आसपास, जगभरातली कमाई सुमारे अकरा कोटी.

एकाच जागेत तीन माणसं. कंटाळा येत नाही का?

ही शंका रास्त आहे, कारण बंदिस्त जागेतले बरेच सिनेमे अर्ध्यावर दम तोडतात. पात्रं गोल गोल फिरून तेच भांडण करत राहतात. इथे तसं होत नाही, आणि त्याचं कारण जागेची मांडणी आहे. तळघरात सुरुवातीला तुम्हाला फक्त मिशेलची कोंदट खोली दिसते. मग दार उघडतं आणि पलीकडे चक्क घर असतं: सोफा, ज्यूकबॉक्स, कोडी, मासिकं, सिनेमांचा साठा, जेवणाचं टेबल. सुटका झाल्यासारखं वाटतं. मग हळूहळू कळतं की हे घर त्या खोलीपेक्षा वाईट आहे, कारण खोलीत निदान साखळी दिसत तरी होती. इथे न्हाणीघराला दाराऐवजी नुसता पडदा, किल्ल्या हॉवर्डच्या कमरेला, आणि जेवताना कोणी कोणाला हात लावायचा नाही. प्रत्येक नवीन कोपरा दिसतो तेव्हा जागा मोठी होते आणि मिशेलसाठी मोकळीक मात्र कमी होत जाते.

दुसरं म्हणजे मिशेल रिकामी बसत नाही. डोळे उघडल्यापासून ती काहीतरी करत असते. फोनला रेंज शोधते, कुबडीला टोक काढते, हवेच्या झडपेत आग लावते. लेखक तिला हुशार म्हणत नाहीत, आपल्यालाच तिचे हात दिसत राहतात.

जॉन गुडमनबद्दल लोक एवढं का बोलतात?

कारण त्यांनी हॉवर्डला खलनायक म्हणून साकारलेलं नाही. अमेरिकेतल्या एका पिढीने त्यांना 'रोझॅन' मालिकेतला प्रेमळ बाप म्हणून पाहिलंय, आणि तीच माया ते इथे घेऊन येतात. हॉवर्ड स्वतःला मनापासून चांगला माणूस समजतो. त्याने वर्षानुवर्षं कष्ट करून तळघर बांधलं, लोकांनी वेडा म्हटलं तरी थांबला नाही, आणि आता दोन परक्या पोरांना आपल्या साठ्यातून जेवू घालतोय. त्याला कृतज्ञता हवी आहे. ती मिळाली नाही की त्याचा चेहरा ज्या वेगाने बदलतो, त्यासाठी सिनेमा पाहावा. विज्ञानकथा आणि भयपटांना दिला जाणारा सॅटर्न पुरस्कार त्यांना सहायक अभिनेता म्हणून मिळाला तो योग्यच होता. मिशेल झालेल्या मेरी एलिझाबेथ विन्स्टेडला मात्र तिच्या वाट्याचं कौतुक मिळालं नाही. सगळा सिनेमा तिच्या नजरेतून जातो आणि तिचे अर्धे प्रसंग बिनशब्दांचे आहेत.

पार्श्वसंगीतात तो खोल घरघरणारा आवाज कसला?

संगीत बेअर मॅक्रिअरी यांचं. त्यांनी दोन विलक्षण वाद्यं वापरली आहेत. ब्लास्टर बीम म्हणजे माणसाच्या उंचीहून कितीतरी लांब धातूची तुळई, तिच्यावर तारा ताणलेल्या. यायबहार हे तुर्कस्तानातलं वाद्य: तारेची कंपनं लांब स्प्रिंगांमधून चामड्याच्या पडद्यांवर जातात आणि विजेशिवायच गुहेत घुमल्यासारखा आवाज येतो. तळघरासाठी याहून योग्य वाद्य मिळालं नसतं.

भाग दुसरा: पाहून झाला असेल तरच (इथून पुढे सगळं उघड आहे)

हॉवर्ड खरं बोलत होता की खोटं?

हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न, आणि सिनेमाचं सगळं बळ याच्या उत्तरात आहे. हल्ल्याबद्दल तो खरं बोलत होता. हवा विषारी झाली होती हेही खरं. रशियनांपासून मंगळावरच्यांपर्यंत त्याने ज्या ज्या शंका काढल्या त्यातली सगळ्यात हास्यास्पद वाटणारी शंकाच खरी निघाली. त्याच वेळी त्याने मिशेलच्या गाडीला धडक मारली हे त्याने आधी लपवलं, 'मेगन' कोण याबद्दल खोटं बोलला, आणि एका मुलीला त्याने आधी याच तळघरात मारलं होतं.

आपण सिनेमा पाहताना नकळत एक हिशेब धरून बसतो: बाहेर धोका असेल तर हॉवर्ड चांगला, धोका नसेल तर तो वाईट. पटकथा हा हिशेबच उधळून लावते. बाहेर धोका आहे आणि हॉवर्डही धोका आहे. त्याचं भाकीत बरोबर आलं म्हणून मिशेलवर त्याचा हक्क तयार होत नाही. मला हा सिनेमा एवढा महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणत ज्यांना घरात अडवलं जातं, त्यांच्यापुढे नेहमी हाच युक्तिवाद येतो: बाहेरचं जग वाईट आहे, बघ, मी म्हणत होतो ना! आणि जग वाईट असतंही. पण त्याने दाराला कुलूप लावणारा बरोबर ठरत नाही.

मेगन आणि ब्रिटनी यांचा नेमका घोळ काय आहे?

मेगन ही हॉवर्डची खरी मुलगी. तिची आई तिला घेऊन निघून गेली. हॉवर्ड मिशेलला 'मेगनचा' म्हणून जो फोटो दाखवतो, त्यातली मुलगी मेगन नाहीच. एमेट तिला ओळखतो: ती ब्रिटनी, त्याच्या बहिणीची शाळेतली मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी बेपत्ता झालेली. हवा गाळण्याचं यंत्र बंद पडतं तेव्हा अरुंद नळीतून मिशेलच जाऊ शकते. वरच्या खोलीत तिला काचेवर आतून ओरखडलेली मदतीची हाक दिसते, आणि रक्ताळलेलं कानातलं सापडतं. तेच कानातलं फोटोतल्या मुलीच्या कानात आहे. म्हणजे हल्ल्याच्या दोन वर्षं आधी, बाहेर सगळं ठीक असताना, हॉवर्डने एका मुलीला मेगनच्या जागी आणून ठेवलं होतं. हल्ला झाला नसता तरी त्या तळघरात कोणीतरी असतंच.

दाराशी आलेल्या बाईला मिशेलने आत घ्यायला हवं होतं का?

मिशेल किल्ल्या चोरून दारापर्यंत पोचते आणि नेमकी त्याच वेळी बाहेर ती बाई येते. आधी विनवण्या करते, मग काचेवर डोकं आपटायला लागते. तिचा चेहरा सोललेला असतो. मिशेल दार उघडत नाही. त्या क्षणी आत घेतलं असतं तर तिघंही मेले असते, तेव्हा निर्णय बरोबर होता असं मी म्हणेन.

पण लेखकांनी हा प्रसंग फक्त हवा विषारी आहे हे पटवण्यासाठी ठेवलेला नाही. पुढे मिशेल एमेटला एक आठवण सांगते. हार्डवेअरच्या दुकानात तिने एका बापाला लहान मुलीला फरफटत नेताना, मारताना पाहिलं होतं. तिच्या स्वतःच्या घरी हेच होत असे, तेव्हा मोठा भाऊ मध्ये पडून मार खायचा. त्या मुलीला मदत करायची तिला तीव्र इच्छा झाली, आणि ती काहीच न करता निघून गेली. दाराशी आलेली बाई म्हणजे पुन्हा तेच: काचेपलीकडे कोणीतरी मदत मागतंय आणि मिशेल आत उभी. या वेळी तिचा काही दोष नाही. तरी ती आठवण एमेटला सांगावीशी वाटते ती यानंतरच.

शब्द ओळखण्याच्या खेळात एवढं काय आहे?

माझ्या मते हा सिनेमातला सर्वोत्तम प्रसंग, आणि त्यात कोणी आवाजही चढवत नाही. तिघं टेबलाभोवती बसून चिठ्ठीवरचं नाव ओळखण्याचा खेळ खेळताहेत. एमेटकडे 'लिटल विमेन' या जुन्या, प्रसिद्ध कादंबरीचं नाव आलंय, त्यातला दुसरा शब्द म्हणजे 'स्त्रिया'. तो मिशेलकडे बोट दाखवून हॉवर्डला विचारतो, ही कोण आहे? हॉवर्ड म्हणतो, मुलगी. नाही, अजून मोठी. लहान पोर. नाही. छोटी राजकुमारी. एमेट पुन्हा पुन्हा तिच्याकडे हात करतो आणि हॉवर्डच्या तोंडून 'बाई' हा साधा शब्द काही केल्या निघत नाही. मिशेलच्या चेहऱ्यावरून हसू कधी ओसरतं ते पाहा. याच्या डोक्यात आपण कोण आहोत हे तिला तिथे कळतं.

त्याच खेळात हॉवर्डची पाळी येते. मी तुम्हाला सतत पाहतोय, तुम्ही झोपलेले असताना पाहतोय, तुम्ही काय करताय ते मला माहीत आहे, असं तो त्या दोघांकडे रोखून पाहत म्हणत राहतो. लपूनछपून सुटकेची तयारी करणारे ते दोघं गोठून जातात. उत्तर निघतं सांताक्लॉज.

एमेटने आळ स्वतःवर का घेतला?

हॉवर्डने आम्लाचं पिंप मध्ये आणून ठेवलंय आणि चोरलेल्या वस्तूंचा जाब विचारतोय. एमेट सांगतो की मीच शस्त्र बनवत होतो, मिशेलला काही माहीत नाही, तिने मला मान द्यावा म्हणून हे केलं. मग माफी मागतो. हॉवर्ड माफी स्वीकारतो आणि गोळी घालतो.

एमेटनेही मिशेलला आपली एक आठवण सांगितलेली असते: खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती मिळाली होती, विद्यापीठात जायची बस ठरलेली होती, आणि त्याने मुद्दाम ती चुकवली. घाबरला. आयुष्यभर गावातून बाहेर न पडलेला हा मुलगा एका वाक्यात जीव देऊन तिला वाचवतो. जॉन गॅलाघर ज्युनिअरने तो क्षण अजिबात वीरश्रीने केलेला नाही. आवाज कापतोय, आणि बोलता बोलता त्यालाच कळतंय की आपण हे करतोय.

नंतर हॉवर्ड दाढी का करतो?

एमेट संपला, आता घरात फक्त तो आणि 'मुलगी'. गुळगुळीत दाढी करून तो सणाला तयार झाल्यासारखा येतो. गोळीच्या आवाजापेक्षा या दाढीची भीती जास्त वाटते.

न्हाणीघराच्या पडद्याचा पोशाख खरोखर उपयोगी पडेल का?

काही अंशी. प्लास्टिक आणि चिकटपट्टी त्वचेपर्यंत येणारे थेंब आणि धूळ थोडा वेळ अडवू शकते. खरा प्रश्न श्वासाचा असतो. बाटली कापून केलेला मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे आणि विषारी वायू शोषणारी गाळणी हवी. ती नसेल तर मुखवट्याचा उपयोग बेताचा. २०१३ साली इस्तंबूलच्या गेझी पार्क आंदोलनात लोकांनी अश्रुधुरापासून वाचायला प्लास्टिकच्या बाटल्यांचे मुखवटे केले होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पुढच्याच वर्षी आंदोलनांतल्या वस्तूंच्या प्रदर्शनात तसा मुखवटा मांडला. अश्रुधुरापुरतं ते ठीक. अंग सोलून काढणाऱ्या वायूपुढे मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

कथेच्या दृष्टीने मात्र तो पोशाख अगदी चपखल आहे. मिशेलला कपड्यांची डिझायनर व्हायचं आहे, हॉवर्डच्या कपाळावरची जखमही तीच शिवते. तिची सुटका तिच्याच कसबातून येते. बदकांची चित्रं असलेल्या पडद्यातून शिवलेला तो पोशाख मला कोणत्याही महागड्या चिलखतापेक्षा आवडतो.

आम्लाने शरीर असं विरघळतं का?

सिनेमात पिंपात परक्लोरिक आम्ल आहे असं हॉवर्ड सांगतो. हे आम्ल तीव्र आहेच, पण त्याचा खरा धोका वेगळा. ते तीव्र ऑक्सिडीकारक आहे, आणि संहत स्वरूपात सेंद्रिय पदार्थांशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. २० फेब्रुवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्यात परक्लोरिक आम्लाच्या मिश्रणाचा स्फोट झाला आणि १७ माणसं गेली. तेव्हा राहत्या तळघरात, तेही मृतदेह घालायला, असं पिंप ठेवणारा माणूस स्वतःच टाइमबॉम्बवर बसलाय. शेवटी ते आम्ल सांडून आग लागते आणि सगळं तळघर उडतं, हे मात्र रसायनशास्त्राला धरूनच आहे.

अशी तळघरं खरोखर असतात का?

असतात, आणि अमेरिकेत त्यामागे मोठा इतिहास आहे. २५ जुलै १९६१ रोजी बर्लिनच्या पेचप्रसंगात अध्यक्ष केनेडींनी दूरचित्रवाणीवरून भाषण केलं आणि अणुहल्ल्यापासूनच्या आसऱ्यांसाठी पैसे मागितले. लोकांनी अंगणं खणायला घेतली. घरगुती आसऱ्यांच्या पुस्तिका निघाल्या. शेजारी दाराशी आला तर त्याला आत घ्यायचं की बंदूक दाखवायची, यावर तेव्हा धर्मगुरूंमध्ये जाहीर वाद झाले. दाराशी आलेल्या बाईचा प्रसंग त्या वादाचाच वारस आहे. सरकारनेही स्वतःची सोय केली होती: वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर हॉटेलखाली संसदेसाठी गुप्त तळघर होतं, ते १९९२ साली वॉशिंग्टन पोस्टने उघडकीला आणलं. स्वित्झर्लंडने वेगळी वाट धरली. १९६३ च्या कायद्यानंतर तिथे आसऱ्यांमध्ये संपूर्ण लोकसंख्येला पुरेल एवढी जागा झाली. हॉवर्डची वाट पहिली: ज्याने बांधलं, त्याचं राज्य.

एक गोष्ट मात्र खटकते. कथा लुइझियानात घडते. त्या राज्याच्या दक्षिणेकडे पाणी जमिनीलगतच लागतं, म्हणून तिथल्या घरांना तळघरं क्वचितच असतात आणि न्यू ऑर्लिन्समध्ये थडगीसुद्धा जमिनीच्या वर बांधतात. हॉवर्डने तिथे एवढं मोठं कोरडं तळघर कसं केलं, हे विचारायला हवं होतं.

आपल्या भाषेशीही या विषयाचा एक खरा धागा आहे. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातले काही लोक आजही घरात मराठी बोलतात. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं इस्राएलवर पडत होती आणि त्यात विषारी वायू असेल या भीतीने तिथे घरोघरी एक खोली प्लास्टिकने आणि चिकटपट्टीने बंद करून, गॅसचे मुखवटे घालून लोक बसत होते. त्यानंतर नव्या घरांत 'ममाद' नावाची पक्क्या भिंतींची खोली बांधणं कायद्याने बंधनकारक झालं. ज्यांच्या घरात मराठीतून 'मुखवटा नीट बांध गं' असं पोरांना सांगितलं गेलं असेल, त्यांना मिशेलची चिकटपट्टी परकी वाटणार नाही.

खरंच वर्ष-दोन वर्षं आत राहावं लागेल का?

हल्ला कसला यावर ते अवलंबून. अणुस्फोटानंतरच्या किरणोत्सारी धुळीबाबत नागरी संरक्षणात एक ढोबळ नियम शिकवतात: वेळ सातपट झाली की किरणोत्साराची तीव्रता दहापटीने उतरते. म्हणजे पहिल्या तासाच्या तुलनेत सात तासांनी दहावा हिस्सा, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून जुन्या आसऱ्यांमध्ये दोन आठवड्यांची शिधासामग्री ठेवण्याचा सल्ला असे. हॉवर्ड दोन वर्षं म्हणतो तेव्हा तो विज्ञान सांगत नसून स्वतःची इच्छा सांगतोय असं मला नेहमी वाटतं.

शेवट वेगळ्याच सिनेमातला वाटतो. पटत नाही.

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि मी तिच्याशी मुळीच सहमत नाही. मिशेल बाहेर येते, आकाशात पक्षी उडताना पाहून मुखवटा काढते, आपण सुटलो म्हणून श्वास घेते, आणि शेतापलीकडे परग्रहावरचं यान दिसतं. आगीतून फुफाट्यात. तासभर तीन माणसांचं नाट्य पाहिलेल्या प्रेक्षकाला हा धक्का मोठा आहे हे मान्य. यानाशी झुंज थोडी लांबलीय हेही मान्य, आणि दारूच्या बाटलीची पेटती वात एवढ्या मोठ्या यंत्राला पुरी पडते हे जरा सोपं केलंय.

पण दुसरे पर्याय मनात चालवून पाहा. बाहेर काहीच नसतं, तर हॉवर्ड निव्वळ वेडा ठरला असता आणि आपण निर्धास्त घरी गेलो असतो. बाहेर फक्त विषारी हवा असती, तर मिशेलने बाहेर पडून चूक केली असं काहींना वाटलं असतं. हॉवर्डचं अगदी अविश्वसनीय म्हणणंही खरं करून दाखवायचं, आणि तरीही मिशेलचं बाहेर पडणं योग्यच होतं हे आपल्याकडून वदवून घ्यायचं, यासाठी हाच शेवट लागतो. यानापुढे ती ज्या क्लृप्त्या करते त्याही तळघरातल्याच आहेत: हाताशी काय आहे ते पाहायचं आणि त्याचं काहीतरी करायचं.

ती ह्यूस्टनकडे का वळते?

रेडिओवर सांगतात: वाचलेल्यांनी बॅटन रूजकडे यावं, पण वैद्यकीय प्रशिक्षण किंवा लढण्याचा अनुभव असेल तर ह्यूस्टनला मदत हवी आहे. मिशेल चौकात गाडी थांबवते आणि ह्यूस्टनची वाट धरते. सिनेमाच्या सुरुवातीला ती भांडणातून पळाली होती, हार्डवेअरच्या दुकानातूनही पळाली होती. आता मदत मागणाऱ्यांकडे ती आपणहून चाललीय. दिग्दर्शकाने यावर एकही वाक्य खर्च केलेलं नाही, फक्त गाडीचा दिवा कुठल्या बाजूला वळतो ते दाखवलंय.

दुसऱ्यांदा पाहताना कशावर लक्ष ठेवू?

सुरुवातीला पेट्रोल पंपावर अंधारातून येणाऱ्या पिकअपवर, आणि त्याच सुमारास रेडिओवर लागलेल्या वीज गेल्याच्या बातमीवर. पहिल्या जेवणात मिशेल मुद्दाम एमेटच्या हाताला हात लावते तेव्हा तिची नजर हॉवर्डच्या कमरेकडे कशी जाते त्यावर. ज्यूकबॉक्सवर आनंदी जुनी गाणी कोणत्या प्रसंगानंतर लागतात त्यावर. 'मेगनच्या' आवडीनिवडी सांगताना हॉवर्ड कुठे अडखळतो त्यावर. आणि अपघाताच्या वेळी पडद्यावर येणाऱ्या नावांवर: गाडी उलटताना मध्येच सगळा आवाज बंद होऊन काळ्या पडद्यावर नाव येतं, मग पुन्हा धडक, पुन्हा शांतता. फोनवर मिशेलची समजूत घालणारा, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा म्हणजे बेनचा आवाज ओळखीचा वाटला असेल, तर तो ब्रॅडली कूपरचा आहे.